तीनदा पुकारा

नावनोंदणीच्या कचेरीत सत्तावीस वर्षं घासल्यावर त्या कारकुनाचं आईबाप या प्राण्याविषयी एक ठाम मत झालं होतं. मूल झालं की माणसाचं डोकं पहिले काही आठवडे ठिकाणावर नसतं, आणि कायद्याने नेमके तेच आठवडे नाव ठरवायला दिलेले आहेत. साधी सायकल घ्यायची तरी माणूस चार दुकानं फिरतो. पण पोराच्या गळ्यात जन्मभराची पाटी अडकवायची म्हटली की झोप न झालेला बाप, जांभया देणारी आई आणि मागून सूचना करणारी एखादी आत्या एवढं मंत्रिमंडळ पुरतं.

नाव नाकारायचा अधिकार कारकुनाला नव्हता. सांगतील ते लिहायचं, वाचून दाखवायचं, सही घ्यायची. मनातल्या मनात नाक मुरडायला मात्र कुठला नियम आड येत नाही. तेवढ्याने भागेना म्हणून त्याने एक निळी वही केली होती. त्या वहीत आवक आणि जावक ही जुळी होती, कारण बाप टपाल विभागात होता. तथापि नावाची एक मुलगी होती; तिचे वडील कविता करत आणि त्या कोणी छापत नसे, त्याचा राग पोरीवर निघाला. लिफ्टमध्ये जन्मली म्हणून लिफ्ट होती. दोन आज्या, दोन आजोबा आणि आईबाप अशा सहा जणांची पहिली अक्षरं जुळवून केलेलं एक नाव होतं, ते खोकल्याच्या औषधासारखं ऐकू येई. सातवं अपत्य म्हणून पूर्णविराम नाव ठेवलेला एक मुलगा होता. त्याचा बाप दीड वर्षाने पुन्हा खिडकीशी येऊन उभा राहिला, तेव्हा कारकुनाने चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "बोला, आता काय? टिंब टिंब?" डब्याच्या वेळी ही वही उघडली की खसखस पिके. शेजारच्या खिडकीवरच्या बाई डोळे पुसत म्हणत, "पुरे हो काका, घास अडकेल."

बुधवार हा त्याचा खास दिवस. त्या दिवशी नाव बदलायला लोक येत, म्हणजे आईबापांनी करून ठेवलेला घोळ निस्तरायला मोठी झालेली पोरं येत. नियम असा होता की अर्जदाराचं जुनं नाव भरल्या हॉलमध्ये मोठ्याने तीनदा पुकारायचं, कोणाची हरकत आहे का विचारायचं, जुन्या रजिस्टरातल्या नोंदीवर तांबड्या शाईने रेघ मारायची आणि मग नवं नाव तीनदा पुकारायचं. इतर कचेऱ्यांत हे काम कोणीतरी पुटपुटत उरकून टाकत असे. आमच्या कारकुनाने त्याची कला केली होती. तो माईकला हात लावत नसे. खुर्ची मागे सारून उभा राही, चेहऱ्यावरची एक सुरकुती हलू देत नसे, आणि राजाची स्वारी दारात आल्यासारखा एकेक अक्षर सुटं करून नाव उच्चारी. पहिल्या पुकाऱ्याला हॉल दबकत हसे, दुसऱ्याला उघडपणे, आणि तिसऱ्याला बाकांवरची माणसं एकमेकांच्या अंगावर पडत. अर्जदार मान खाली घालून उभा असे. कारकुनाचं म्हणणं, आपण हसवतो ते आईबापांवर. आईबाप तिथे नसत आणि पोरगं असे, एवढी बारीकशी गोष्ट त्याच्या ध्यानात सत्तावीस वर्षांत आली नव्हती.

आता एवढ्या चोखंदळ माणसाने स्वतःच्या मुलीचं नाव काय ठेवलं असेल?

अखिलविश्वविजयपताका.

हसू नका, कारण तो हसत नव्हता. त्याच्या मते अख्ख्या रजिस्टरात डोकं लावून ठेवलेलं हे एकच नाव होतं. कारण असं की त्याचं स्वतःचं नाव अगदी साधं, रस्त्यावर दगड मारला तर ज्याला लागेल त्याचं. शाळेत एका वर्गात त्या नावाचे चार जण होते. पहिल्याला मास्तर नावाने हाक मारत, दुसऱ्याला उंच म्हणून लांब्या म्हणत, तिसऱ्याला आडनावाने, आणि याला नुसतं चौथा. हजेरीला चारही जण एकदम ओ देत आणि याची ओ कोणाला ऐकूच येत नसे. तेव्हाच त्याने ठरवलं होतं की आपल्या मुलाला असं नाव देऊ, की त्या हाकेला जगात दुसरं कोणी ओ देणार नाही.

तसंच झालं. दुसऱ्या कोणी ओ दिली नाही आणि मुलीनेही कधी दिली नाही. तो दारात उभा राहून पूर्ण नावाने हाक मारी, आणि हाक संपेपर्यंत ती गल्लीचा कोपरा ओलांडून गेलेली असे. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अहो, हिला जेवायला बोलावेपर्यंत जेवण गार होईल." ती आपली मुलीला चिमणी म्हणायची. शाळेत झेंडा फडकवायच्या दिवशी वर्गातली पोरं तिलाच सलाम ठोकत. अर्जावर नावाला आठ चौकटी असत, त्यांत 'अखिलविश्वविजय' एवढंच बसे, त्यामुळे कॉलेजच्या वसतिगृहात तिला मुलांच्या मजल्यावर खोली मिळाली आणि ते निस्तरायला दहा दिवस गेले. मुलगी रडत घरी आली की बाप तिला समोर बसवून नावाचा अर्थ पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगे.

तर अशी ही मुलगी सव्वीस वर्षांची झाली, दातांची डॉक्टर झाली, आणि येत्या सोमवारी तिचा स्वतःचा दवाखाना उघडायचा होता. महिनाभर कारकून कचेरीत सगळ्यांना ऐकवत होता, "पाटी सहा फुटांची सांगितलीय. त्याहून लहान पाटीवर नाव मावतच नाही." हे तो तक्रार केल्यासारखं सांगे, पण छाती फुगलेली दिसे.

त्या बुधवारी सकाळी शर्ट हातात देताना बायको म्हणाली, "आज जरा हळू आवाजात वाचा."

"का? घसा चांगला आहे माझा."

"घसा चांगला आहे, तेच तर," असं म्हणून ती आत गेली. त्याने लक्ष दिलं नाही. सवय नव्हती.

आठ अर्ज झाले. हॉल छान तापला होता. नववा अर्ज त्याने पुढे ओढला आणि जुन्या नावाच्या आठ चौकटींत त्याला 'अखिलविश्वविजय' दिसलं. पुढची तीन अक्षरं समासात, लहान आकारात. कारणाच्या रकान्यात छापील पर्याय होते, त्यांतल्या 'नाव हास्यास्पद आहे' या पर्यायासमोर बरोबरची खूण. त्याची नजर खाली गेली. साक्षीदाराच्या जागी त्याच्या बायकोची सही होती, नेहमीची, गोल, बिनघाईची.

पहिल्यांदा त्याने चूक शोधली. सत्तावीस वर्षांत असा अर्ज झाला नव्हता ज्यात त्याला चूक सापडली नाही. तारीख बरोबर होती. फोटो नियमाच्या मापाचा होता. शिक्का, जोडपत्रं, टाचणी कुठे टोचायची तेसुद्धा बरोबर. सापडणार कशी? ते सगळं त्यानेच तिला लहानपणी शिकवलं होतं.

मुलगी दुसऱ्या बाकावरून उठून खिडकीशी आली.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"अर्ज आहे, बाबा. चूक असेल तर सांगा, दुरुस्त करून देते."

"घरी बोलता येत नव्हतं?"

"बारा वर्षांची असल्यापासून घरीच बोलतेय. तुम्ही दर वेळी अर्थ सांगता."

"अगं, सोमवारी पाटी लागायचीय! सहा फुटांची!"

"दोन फुटांची करायला सांगितलीय मी. काल."

त्याने आवाज खाली आणला. "दुसऱ्या कचेरीत तरी जायचंस. माझ्यासमोर कशाला?"

"मुद्दाम इथे आले. तुम्हीच वाचायला हवं होतं, म्हणून."

आता माणूस किती मूर्ख असावा याला काही सुमार आहे की नाही? हे ऐकून तो सुखावला. आपल्यासारखं वाचणारं दुसरं कोणी नाही, हे पोरीलाही पटलेलं आहे, असं त्याने धरलं. आणि लगेच त्याला मार्गही सुचला. बाप म्हणून हरकत घ्यायचा हक्क त्याला होताच. हरकत घेतली की अर्ज तीन महिने लटकतो, आणि सोमवारी पाटी जुन्याच नावाची लागते. पण हरकतीची गरज काय? हे नाव आजवर कोणी नीट उच्चारलेलंच नाही. शाळेतल्या गावंढळ मास्तरांनी आणि वसतिगृहाच्या रखवालदाराने ते चावून थुंकलं. आज आपण ते उच्चारू, हॉल थक्क होईल, आणि पोरगी आपणहून अर्ज मागे घेईल.

"मी वाचते, काका," शेजारच्या खिडकीवरच्या बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी अर्ज पाहिला होता.

"तुम्हाला झेपायचं नाही," तो म्हणाला आणि खुर्ची मागे सारून उभा राहिला.

त्याने घसा साफ केला. चेहऱ्यावरची एक सुरकुती हलू दिली नाही. मनात होती नव्हती ती सगळी माया आणि सगळा मान गोळा करून त्याने एकेक अक्षर सुटं करत म्हटलं, "अखिल… विश्व… विजय… पताका!"

हॉल फुटला. दबकत वगैरे नाही, पहिल्याच पुकाऱ्याला. मागच्या बाकावरचा एक म्हातारा हातातली काठी आपटत हसायला लागला. "भावाचं नाव काय हिच्या, तोफगोळा?" कोणीतरी ओरडलं. "अहो, आधी बापाला शोधून आणा!" दुसरा म्हणाला. दारातल्या शिपायाने मान वळवूनही न बघता हाळी दिली, "साहेब, हे वहीत घ्या! वहीत पहिल्या पानावर!"

कारकून हातात अर्ज धरून उभा राहिला. तो चिडला, मग गोंधळला, आणि मग त्याला कळलं. हाच आवाज. दर बुधवारी तो लिफ्टला आणि पूर्णविरामाला लावायचा तो हाच आवाज, हेच थांबणं, हाच दगडी चेहरा. टर उडवायला त्याने आदराची नक्कल केली होती, सत्तावीस वर्षं, इतकी बेमालूम की आता खरा आदर दाखवायला त्याच्याजवळ दुसरा आवाजच उरला नव्हता. आणि नावही ऐकू आलं त्याला, बाहेरून, पहिल्यांदाच. ते दुसऱ्या कोणी खिडकीशी आणलं असतं, तर त्याने ते संध्याकाळच्या आत वहीत उतरवलं असतं.

शेजारच्या बाई शिक्क्याच्या डबीकडे बघत होत्या. मुलगी हसत नव्हती आणि तिची मानही खाली नव्हती. ती बापाकडे बघत उभी होती, डॉक्टर दुखऱ्या दाताला हात लावून थांबतो तशी.

नियम तीनदाचा होता. दुसऱ्यांदा त्याने नाव घाईने म्हटलं. लोक तरीही हसले, कारण आता ते नुसत्या आठवणीने हसत होते. तिसऱ्यांदा त्याचा आवाज मधेच चिरकला, आणि ते ऐकून तर बाकांवर मुरकुंडी वळली. सव्वीस वर्षं पोरीने रोज जे ऐकलं, ते त्याला तीनदा ऐकून सहन होईना.

"कोणाची हरकत?" शिपायाने विचारलं.

मुलीने खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवले. बोटं पांढरी पडली होती. कारकुनाने अर्ज खाली ठेवला.

"हरकत नाही," तो म्हणाला. शिपायाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.

बाईंनी जुनं रजिस्टर काढून पुढ्यात ठेवलं. नोंद त्याच्याच अक्षरात होती, नोकरीच्या पहिल्या वर्षातली, झोकदार. नाव रकान्यात मावलं नव्हतं, त्यामुळे सरळ शेजारच्या, बापाच्या रकान्यात घुसलं होतं, आणि तिथे त्याचं स्वतःचं साधं नाव कोपऱ्यात दाटीवाटीने बसवलेलं होतं. तांबडी रेघ ओढताना ती आपल्या नावावरून जाऊ नये म्हणून त्याला हात आखडता घ्यावा लागला.

मग त्याने नवं नाव वाचलं. दोन अक्षरांचं होतं. निळ्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याने आळशी आईबापांनी ठेवलेल्या नावांची यादी केली होती, त्यात हे सगळ्यात वर होतं. गेल्या आठवड्यात त्याने ते चार पोरींना लिहून दिलं होतं आणि चारही वेळा कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

त्याने ते पुकारलं. दुसऱ्या बाकावरची तान्हं मूल घेतलेली एक बाई दचकून म्हणाली, "ओ!" भिंतीशी अर्ज भरणाऱ्या एका मुलीनेही वर बघितलं. कोणी हसलं नाही. त्याने दुसऱ्यांदा पुकारलं, तर पाण्याच्या नळाशी उभी असलेली एक आजी म्हणाली, "आले हो, आले, माझा नंबर लागला का?" तिला खाली बसवण्यात शिपाई गुंतला. लोक आपापल्या कागदांत डोकं घालून बसले. कोणाला काही पडलेलंच नव्हतं.

तिसऱ्या खेपेला त्याने आवाज लावला नाही. लावायला उरलाच नव्हता. घरात या खोलीतून त्या खोलीत कोणाला बोलवावं तसं ते नाव त्याच्या तोंडून नुसतं बाहेर पडलं.

"ओ, बाबा," मुलगी म्हणाली.

सव्वीस वर्षांत त्याच्या हाकेला तिने दिलेली ती पहिली ओ होती.