ऑफिस अवर्स

दोन हजार चार सालच्या नोव्हेंबरातल्या उतरत्या, करड्या उजेडात ती कॉरिडॉरमधल्या बाकावरून अर्धी उठायची, किंचित हसायची आणि पुन्हा बसायची. केतकीचं हेच चित्र माझ्यापाशी आहे. लंडनमध्ये हॅरोजवळच्या आमच्या विद्यापीठात, लहान स्थानिक कॉलेजातून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांना सावरून घेण्याचं काम माझं. वॉटफर्डला तिच्या कॉलेजात शिक्षक निबंधाचा कच्चा मसुदा तीनतीनदा वाचून द्यायचे. इथे कुणीच मागे लागत नाही, आणि त्या निःशब्द स्वातंत्र्यात हुशार मुलंही गटांगळ्या खातात. त्यांनी खुशाल आत येऊन भेटावं म्हणूनच मी दारावर वेळेचा कागद लावला होता: ऑफिस अवर्स, मंगळवारी दोन ते चार.

त्या दोन तासांत क्वचितच कुणी फिरकायचं. चार वाजले की कोट चढवून मी मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी गाठायला धावायचे. ती उठायची, मी घाईघाईने हसायचे, मनात म्हणायचे, कोण आहे कोण जाणे, पण मुलगी वळणाची दिसते.

मार्चमध्ये तिने पहिल्यांदा दार वाजवलं. हातात विद्यापीठ सोडण्याचा अर्ज होता. दोन निबंध नापास, तिसरा दिलाच नव्हता. माझी सही तेवढी राहिली होती. आडनाव वाचून मी मराठीत विचारलं, "अगं, आधी का नाही आलीस?"

"तुमचे ऑफिस अवर्स होते ना," ती म्हणाली. "आई सांगते, ऑफिस टाइममध्ये बाबाला फोन नाही करायचा, त्याला काम असतो. सो मी फोरपर्यंत वेट करायची. मग तुम्हाला ट्रेन असायची."

तिच्या स्वरात तक्रारीचा लवलेशही नव्हता. मी कचेरीत फोन लावून पाहिला; तिसऱ्या निबंधाची वाढीव मुदतही टळून गेली होती. मग मी सही केली. लाज वाटायला हवी होती, रडू यायला हवं होतं. पण दाताला भूल दिल्यावर गाल असतो तसं आतलं सगळं बधिर होतं. तिने "थँक्यू, मावशी" म्हटलं आणि दार अलगद ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कागद बदलला: आत या, मी तुमच्यासाठीच बसले आहे. तेव्हापासून मुलं येतात, मसुदे पसरतात, पदव्या घेऊन जातात, आणि वर्षभरात त्यांची नावंही माझ्या मनातून पुसली जातात. माझ्या खोलीत जेमतेम दहा मिनिटं थांबलेल्या केतकीला मात्र काळ अजून हात लावत नाही. स्मृतीत राहायला माणूस आपल्याला भेटलेला असावाच लागतो असं नाही. त्याने आपली वाट पाहिलेली असली, तरी पुरतं.