मी विझलो तर हाक मारा

मी एक झिरोचा लाल बल्ब आहे. तुम्ही मला कुठल्या तरी देवघरात, देवीच्या फोटोवर लटकलेलं पाहिलं असेल. म्हणजे मला नाही, माझ्या उजेडात देवीला पाहिलं असेल. बल्बाकडे कोणी पाहत नाही, त्याच्या उजेडात दुसरंच काहीतरी पाहतात. माझी तक्रार नाही. पण माझी तार आता थरथरायला लागली आहे, तेव्हा आहे तोवर चार शब्द बोलून घेतो.

माझा कारखाना कुठला, ते मला ठाऊक नाही. तापलेली काच, तिच्यात कोणीतरी भरलेला श्वास, पोटात ठेवलेली केसाहून बारीक तार आणि मग लाल रंगाची आंघोळ, एवढंच आठवतं. त्यानंतर पुठ्ठ्याची डबी आणि लांबचा प्रवास. डबी उघडली ती रामपायलीला, देवळाबाहेरच्या एका दुकानात. रामाचं दर्शन करून एक बाई आल्या होत्या. कुंकवाची पुडी घेतली, कापूर घेतला आणि मला कानाशी नेऊन हळूच हलवून पाहिलं. तार तुटलेली नाही ना, याची खात्री करून मगच पिशवीत ठेवलं. त्या कालिंदीबाई. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला त्यांचं घर. त्यांचे यजमान जंगल खात्यात, नोकरी बैहरला. सोमवारी जीपने जायचे, शनिवारी यायचे. मधले दिवस घरी त्या आणि त्यांचा मुलगा अनुराग.

त्यांनी मला देवघरात लावलं. सकाळी एका हाताने बटण दाबायचं आणि दोन्ही हात जोडायचे, असा नेम. सोळा सोमवार, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार, सगळी व्रतं मी वरून पाहिली. आमच्याकडे वीज फार जायची. गेली की कालिंदीबाई आधी खिडकीतून शेजारी डोकावायच्या. शेजारीही अंधार दिसला की म्हणायच्या, "सगळ्यांचीच गेली, मंग ठीक आहे." माणसांचं हे मला मोठं नवल वाटायचं. सगळ्यांचाच अंधार असला की तो त्यांना निम्मा वाटतो.

पाच वर्षं अशी गेली. मग बाजारात लुकलुकणारी माळ आली. देवघराला माळ लागली आणि मी स्टीलच्या डब्यात गेलो. डब्यात फ्यूजची तार होती, बिनकिल्लीची दोन कुलपं होती आणि रॉकेलची एक तुटकी चिमणी. चार वर्षं त्यांच्याच सोबतीत काढली. आपण आता कोणाच्या कामाचे नाही, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

दोन हजार आठ साली अनुरागने तो डबा उघडला.

अनुराग नागपूरहून कॉम्प्युटरचं शिकून आला होता. तिथल्याच एका कंपनीत लागला होता, पण त्याने साहेबांना विनंती केली होती की मी घरूनच काम करतो. त्याचं काम असं, की नागपूरला एक मोठा कॉम्प्युटर होता, त्याला सर्व्हर म्हणतात. लोखंडाची पेटी एकच, पण तिच्या पोटात सहा आभासी कॉम्प्युटर राहायचे. एका घरात सहा चुली असाव्यात तसे. एक चूल एका दवाखान्याची, एक कॉलेजची, एक ट्रॅव्हल्सवाल्याची. चुली सहा, पण इंटरनेटची लाइन सगळ्यांत मिळून एकच, अंगणातल्या एका नळासारखी. एकाने जास्त पाणी ओढलं की बाकीचे कोरडे. कोणी ठरलेल्या मापाच्या वर ओढायला लागलं की अनुरागच्या कॉम्प्युटरवर सूचना यायची, अलर्ट म्हणायचा तो. मग पंधरा मिनिटांच्या आत कोण ओढतंय ते शोधून त्याला आवरायचं.

पडद्यासमोर माणूस किती वेळ बसणार? जेवतो, आंघोळीला जातो. म्हणून त्याने इन्व्हर्टरवर चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या मागून दोन तारा काढल्या आणि मला मधल्या खोलीच्या दारावर बसवलं. अलर्ट आला की मी पेटायचं.

"आई, हा लागला की मले हाक मारजो."

"हौ. आन् नाही लागला तं?"

"तं समजायचं, सगळं बरं हाय."

गुणाकर साहेबांनी, म्हणजे नागपूरच्या त्याच्या साहेबांनी, एक अट घातली होती. दसऱ्यापर्यंत पाहतो. एकही अलर्ट सुटला नाही तर बालाघाटातच राहा. सुटला तर बॅग भरून नागपूरला यायचं. अनुराग गेला तर कालिंदीबाई आठवड्याचे पाच दिवस एकट्या. ते त्यांनी मुलाला एकदाही बोलून दाखवलं नाही. घटस्थापनेच्या दिवशी हात जोडून इतकंच म्हणाल्या, "माय, त्याचं काम नीट होऊ दे. कुठंही होवो." शेवटचे दोन शब्द म्हणताना त्यांचा आवाज जरा अडखळला, तो मी दारावरून ऐकला.

सात दिवस मी कधी लागलो, कधी नाही. लागलो की हाक, हाक आली की अनुराग हातातला घास ठेवून धावत यायचा. सगळं ठीक चाललं होतं.

अष्टमीला तो तापाने फणफणला. सकाळीच आडवा झाला. "आई, बल्ब लागला की उठवजो," म्हणाला आणि झोपून गेला. कालिंदीबाईंना औषध आणायला जायचं होतं. पण घटाजवळ अखंड दिवा, घर रिकामं सोडता येत नाही. त्यांनी भिंतीपलीकडच्या दुर्गाबाईंना बोलावलं. दुर्गाबाई खैरलांजीकडच्या. नऊ दिवस कडक उपास करणारी बाई, जीभ तिखट आणि मन लोण्याचं.

"दुर्गाबाई, समईत तेल पाहजा. आन् तो दारावरचा लाल बल्बही पाहजा. मी आलीच."

"जा वैनी, बिनघोर जा. मी काय आज पयल्यांदा दिवा सांभाळून राह्यली?"

कालिंदीबाई गेल्या. थोड्या वेळाने मी पेटलो.

दुर्गाबाईंनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं माय! अष्टमीले देवी आली पाय." त्यांनी मला हात जोडले. उठून माझ्या खालच्या चौकटीला कुंकवाचं बोट लावलं. आतून अनुराग कण्हला तशा हळूच म्हणाल्या, "झोप रे बापा, झोप. दिवा लागला हाय, आता सगळं चांगलंच होते." वाऱ्याने दार आपटून त्याची झोप मोडू नये म्हणून दाराला पाट लावून ठेवला.

देवघरात पाच वर्षं लटकलो, तिथे एवढ्या भक्तीने माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. आणि नेमकं त्याच वेळी मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाई, मला नमस्कार करू नका, त्याला उठवा! पण बल्बाला एकच भाषा येते. मी जितका लाल होत होतो, तितक्या त्या निश्चिंत होत होत्या.

चाळीस मिनिटं गेली. मग फोन वाजला.

गुणाकर साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. कॉलेजच्या चुलीने सगळं पाणी ओढलं होतं आणि दवाखान्याचे रिपोर्ट अडकून बसले होते. लोक खिडकीसमोर रांग लावून उभे होते. "अनुराग, तुझी तब्येत सांभाळ," ते म्हणाले, "पण दसरा झाला की इकडेच ये."

कालिंदीबाई औषध घेऊन आल्या तेव्हा दुर्गाबाई रडत होत्या.

"माझी तं पापणी नाही लवली, वैनी. समईही पाह्यली, हाही पाह्यला. दोन्ही जळूनच राह्यले होते!"

"मी सांगतलंच नाही तुमाले नीट. चूक माझी हाय."

"पण बाबू, मले एक सांग," दुर्गाबाई पदराने नाक पुसत अनुरागला म्हणाल्या, "दिवा जळते तं कोणी धावते काय? आमी तं तो शांत झाला की धावतो. तुमचं उलटंच काहून?"

तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी अनुरागने माझ्याकडे पाहिलं. मग हसला. "मावशी, तुमच्याच रीतीनं करून टाकू. दोनच तर दिवस राह्यले, तुमचा जीव तरी थंड होईल."

त्याने ते दुर्गाबाईंच्या समाधानासाठी केलं. दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. माझा हिशेबच उलटा केला. कॉम्प्युटरला सांगितलं की दर मिनिटाला नागपूरला विचारायचं, बरं आहे ना? तिकडून "बरं आहे" आलं तरच याला जळू द्यायचं. नाही आलं तर बंद. कालिंदीबाई आत कपाटातून बॅग काढत होत्या. मी पेटलो आणि पेटूनच राहिलो. आता माझ्या जळण्याचा अर्थ देवघरातला झाला होता.

नवमीची सकाळ. अनुराग खाटेवर उठून बसला होता, पेज पीत होता. कालिंदीबाई बॅगेत त्याचा स्वेटर घालत होत्या, काढत होत्या, परत घालत होत्या. अंगणातल्या भिंतीवरून, उघड्या दारातून दुर्गाबाईंचं लक्ष होतंच.

आणि मी विझलो.

"वैनीऽ! बाबूऽ! दिवा शांत झाला वो!" दुर्गाबाई भिंतीवरून ओरडल्या. या घरांमध्ये दिव्याला विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. त्यांच्या आवाजाने अख्खी गल्ली जागी झाली. एक जण विचारत आला, "कोण गेलं?"

अनुरागने पेजेचा वाडगा ठेवला आणि पडद्याकडे गेला. पडद्यावर अलर्ट नव्हता. एकही नाही. कालच्यासारखं काही नव्हतं, सगळं गप्प होतं. त्याने बाकीचं इंटरनेट चालतंय का ते पाहिलं. चालत होतं. मग नागपूरच काहून बोलत नाही? त्याने साहेबांना फोन लावला.

"साहेब, सर्व्हर पहा."

"काही नाही रे, इकडे एकही अलर्ट नाही. सगळे चहा पिऊन राहिले आहेत."

"अलर्ट पाठवायलेही त्याच्याजवळ जागा उरली नसंल, साहेब. गळाच दाबला गेला हाय त्याचा. माणूस पाठवा पेटीजवळ."

पलीकडे पावलं वाजली, खुर्ची सरकली. मग कोणीतरी "अरे बाप रे" म्हणालं. सर्व्हर इतका भरून गेला होता की मदत मागायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. समोर बसलेल्या पाच माणसांना ते कळलं नव्हतं. त्यांच्याकडे लाल काही लागलं नव्हतं, म्हणून त्यांना सगळं बरं वाटत होतं. दहा मिनिटांत सहाही चुली पुन्हा पेटल्या, आणि दवाखान्याच्या खिडकीसमोर त्या दिवशी रांग लागली नाही.

दुपारी गुणाकर साहेबांचा फोन आला. "तुला कळलं कसं?"

अनुरागने सगळं सांगितलं. मी, समई, दुर्गाबाई, सगळं.

साहेबांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दसऱ्याला येऊ नको. एक बल्ब आमच्याकडेही लावायचा आहे, तो कसा लावायचा ते फोनवरच सांग. आणि त्या बाईंना माझा नमस्कार."

कालिंदीबाईंनी बॅगेतून स्वेटर काढला, नीट घडी करून कपाटात ठेवला. देवघरात गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पण बाहेर आल्यावर माझ्याकडे पाहून त्यांनी हात जोडले, आणि या वेळी मला लाज वाटली नाही.

याला आता वर्ष होत आलं. मी रात्रंदिवस जळतो. म्हातारा झालो आहे. रामपायलीहून एक नवा लाल बल्ब आणून कालिंदीबाईंनी त्याच डब्यात ठेवला आहे, हे मला माहीत आहे. त्यानेही चिमणीशी आणि कुलपांशी मैत्री केली असेल. माझी तार तुटेल त्या दिवशीही मी विझेन, आणि तेव्हाही हे घर धावत येईल. नागपूरचं काही बिघडलं असं समजून येईल आणि पाहील तर मीच. एका बल्बाला यापेक्षा चांगलं मरण काय हवं?

तुमच्याकडे फक्त एक मागणं आहे. तुमच्या घरातही कोणीतरी असं गुपचूप जळत असेल. पहाटे उठणारं, उपास धरणारं, सगळ्यांचं बरं आहे ना ते दर मिनिटाला पाहणारं. सगळं नीट चाललं आहे म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ते गप्प झालं तर सगळं बरं आहे असं समजू नका. हाक मारा. आणि जमलं तर जळतं आहे तोवरच एकदा विचारा.

आमच्याकडे विचारतात. रोज सकाळी, नळ आला की भिंतीवरून आवाज येतो, "वैनी, जळून राह्यला का?"

आणि कालिंदीबाई वर माझ्याकडे पाहून सांगतात, "हौ. जळून राह्यला."