चांदाचं बटण

मी एक जुना प्रोग्रॅम आहे. हात लावायला गेलात तर बोट काचेला लागेल, मला नाही. ओमानमध्ये, दुक्मच्या एका कामगार कॅम्पात, मेसच्या भिंतीवरच्या बोटाने चालणाऱ्या टीव्हीत मी दोन वर्षं राहिलो. आता मला लिहिणाऱ्या मुलीच्या दार्सैतमधल्या फ्लॅटमध्ये, टेबलाच्या खणात, एका पेन ड्राइव्हमध्ये पडून आहे. माझ्या शेजारी संपलेले सेल आणि एक तुटका चष्मा आहे.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, जुनी छत्री बोलते, जुना फळा बोलतो, तसा हाही गोड गोड रडेल. नाही. मला राग आलाय. आमच्या मेसच्या कासमचाचांना ज्यांनी नोकरीवरून घरी पाठवलं त्यांचा राग. आणि थोडा तुमचाही. का, ते शेवटी सांगतो.

माझा जन्म २०१५ सालचा. मला झरीनने लिहिलं. झरीन म्हसळ्याची, तेव्हा चोवीस वर्षांची. कॅम्पांना जेवण पुरवणाऱ्या एका कंपनीच्या रुवीतल्या ऑफिसात ती एकटी कॉम्प्युटरवाली होती. एकटी म्हणजे अगदी एकटी. प्रिंटर अडकला तरी हाक झरीनलाच, अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मोबाइलमधले फोटो गेले तरी झरीनलाच.

आता नीट ऐका, कारण पुढची सगळी भानगड इथेच आहे. ब्राउझर नावाचा एक हट्टी प्राणी असतो. पडद्यावर जे दिसतं ते तो दाखवतो, पण त्याला भाषा एकच कळते, जावास्क्रिप्ट. म्हणून बहुतेक लोक पडद्यावरचं काम त्याच भाषेत करतात. झरीनला येत होती रुबी. ती तिने कुठल्या क्लासात नाही, घरी बसून, चुकत चुकत शिकली होती. पडद्यामागचा हिशेब ती रुबीत लिहायचीच. मग पडद्यावरचंही तिने रुबीतच लिहिलं आणि मधे एक दुभाष्या प्रोग्रॅम बसवला. झरीन रुबीत लिहायची, दुभाष्या त्याची जावास्क्रिप्ट करायचा, ब्राउझर ती मुकाट गिळायचा.

ऑफिसात लोक हसले. "सगळं जग जावास्क्रिप्ट लिहितंय आणि तू कुठे चाललीस?"

"माझं डोकं एक आहे," झरीन म्हणाली. "रांधायचं एका भाषेत आणि वाढायचं दुसऱ्या भाषेत, हे मला जमत नाही. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही लिहा."

कोणी लिहिलं नाही. हसणाऱ्यांना कामाला लावलं की हसू लगेच थांबतं.

माझं काम साधं होतं. कॅम्पात सहाशे माणसं. कोण किती वाजता जेवणार, कोणासाठी किती शिजवायचं, हे मी पडद्यावर दाखवायचो. माझा आकडा आला की स्टोअरकीपर कुलूप उघडून तांदूळ-डाळ द्यायचा. आकडा नाही तर दाणा नाही. पूर्वी पोती गायब व्हायची म्हणून कंपनीने हा नियम केला होता. नियम बरा होता. नियम नेहमी बरेच असतात, करणाऱ्याचं पोट भरलेलं असतं तोवर.

मला बसवायला झरीन स्वतः दुक्मला आली. मेसचे मुख्य आचारी होते कासमचाचा, श्रीवर्धनकडचे, साठीला आलेले. वीस वर्षं त्यांनी ओमानच्या या ना त्या कॅम्पात डेगी ढवळल्या होत्या. ते हात पुसत आले, माझ्याकडे बघितलं आणि झरीनला म्हणाले, "बाय, सगलं झ्याक. पण ह्या मशिनाला चांद कसा कलनार?"

झरीनने बंद केलेला लॅपटॉप पुन्हा उघडला. कारण तिने तारखा कॅलेंडरवरून टाकल्या होत्या, आणि ओमानात रमजान कॅलेंडरवर संपत नाही. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी इथले लोक आभाळात चंद्र शोधतात. दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा. शेजारच्या देशात दिसला म्हणून इथे दिसलाच असं नसतं. संध्याकाळी सरकार टीव्हीवर, रेडिओवर सांगतं, तेव्हा कळतं.

"नाही कळणार, चाचा," ती म्हणाली. "त्याला तुम्हीच सांगायचं."

आणि तिथेच, आट्याच्या पोत्यावर बसून, तिने माझ्यात एक बटण घातलं. रुबीत एक छान सोय आहे. ज्या कामाचं उत्तर हो किंवा नाही असतं, त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लावता येतं. तिने नाव दिलं, ‘चांद दिसला?’ मला कळत नव्हतं, म्हणून मी विचारत होतो. मित्रांनो, त्यात लाज कसली?

त्या वर्षी एकोणतिसाव्या रोज्याला मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर सगळा कॅम्प मेसमध्ये जमला. रोजेदार दोनशे बारा, पण बघायला सगळे, चिपळूणचे फिटर, परांची बांधणारे नेपाळी, केरळचे वेल्डर. कासमचाचा हात धुऊन, धुतलेला कुर्ता घालून आले. रेडिओवर घोषणा झाली आणि त्यांनी एका बोटाने बटण दाबलं.

"चाचा, जोरात दाबा, नाहीतर ईद पुढच्या वर्षी!" चिपळूणचा दयानंद ओरडला.

"तुजी शिरखुर्म्याची वाटी रद्द केली," चाचा म्हणाले, आणि हशा पिकला.

पुढच्या वर्षीही तसंच झालं. चाचांना माझं बाकी काही कळत नव्हतं, पण त्या बटणावर धूळ बसू द्यायचे नाहीत. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं कौतुक एवढंच. पुरे होतं.

मग २०१७च्या सुरुवातीला देवेश आला. पुण्याचा, मोठ्या पगारावर, कंपनीची सगळी सिस्टिम ‘आधुनिक’ करायला. त्याने माझं फोल्डर उघडलं आणि खुर्ची मागे ढकलली.

"फ्रंटएंड, पडद्यावरचं सगळं रुबीमध्ये? झरीन, हे काय फॅड आहे?"

"चालतंय ना, सर. दोन वर्षांत एकदा बंद नाही पडलं."

"उद्या तू गेलीस तर हे वाचणार कोण? ओमानात रुबीवाला माणूस मिळेल?"

खरं सांगतो, हा प्रश्न चुकीचा नव्हता. मीही मान्य करतो. पण उत्तर शोधायला तो थांबला नाही. मला नव्याने जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं तर दोन महिने लागले असते. त्याने काय केलं ऐका. दुभाष्याने केलेलं भाषांतर सर्व्हरवर होतंच. त्याने ते ठेवलं आणि झरीनचं मूळ रुबी उडवून टाकलं. "जावास्क्रिप्ट आहे की तयार! आता यातच बदल करू."

भाषांतर मशीनसाठी असतं हो. माणसाने वाचावं म्हणून नसतं. हजारो ओळी, एकमेकांत गुंतलेल्या, कुठून काय येतं पत्ता नाही. त्या गुंत्यात त्याला माझं बटण सापडलं.

"हा चंद्राचा काय प्रकार आहे?"

"सर, इथे ईद चंद्र दिसल्यावर ठरते. कासमचाचा बटण दाबतात."

"अगं, माणसं चंद्रावर जाऊन आली आणि तू स्वयंपाक्याला चंद्र बघायला बसवतेस? हिजरी कॅलेंडरचं पॅकेज मिळतं फुकट. लावून टाक."

"ते मक्केच्या हिशेबाने चालतं, सर. इथे एखाद दिवस मागेपुढे होतं."

"एका दिवसाने काय होतंय?"

तिने लावलं नाही. त्याने स्वतः लावलं आणि बटण काढलं.

झरीनचीही एक चूक आहे, ती मी लपवणार नाही. बटण का आहे, हे तिने कुठेच साध्या शब्दांत लिहून ठेवलं नव्हतं. नाव वाचून कळेल असं तिला वाटलं. तिने एक शहाणपण मात्र केलं, मूळ रुबी पेन ड्राइव्हमध्ये वाचवलं. तोच मी.

जून २०१७. मेसमधलं पुढचं सगळं दयानंदने झरीनला कळवलं, तसं सांगतो. रमजान सगळीकडे एकाच दिवशी सुरू झाला, म्हणून कोणाला काही कळलं नाही. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी मेस पुन्हा भरली. कासमचाचा धुतलेला कुर्ता घालून आले आणि भिंतीपाशी बोट उचलून तसेच उभे राहिले. बटणाच्या जागी हिरवी पट्टी होती, ‘उद्या ईद मुबारक’. तेवढ्यात रेडिओवर घोषणा झाली. ओमानात चांद दिसला नाही. उद्या तिसावा रोजा.

पट्टी हिरवीच राहिली. तिच्याखाली लिहिलं होतं, सेहरी, शून्य.

दोनशे बारा माणसं. जूनमधलं दुक्म, लोखंड हाताला चटके देणारं. पहाटे सेहरीला पोटात काही न जाता ही माणसं पंधरा तास पाण्याचा थेंब न घेता राहणार होती. आणि स्टोअरला कुलूप.

चाचांनी देवेशला फोन लावला.

"चाचा, सिस्टिममध्ये ईद आहे."

"सायब, सिस्टिममदी हाय. आभालात नाय."

"सकाळी बघतो मी."

"सेहरी सकालच्या आदी असते, सायब!"

फोन बंद झाला होता.

स्टोअरकीपर म्हणाला, "चाचा, आकडा नाय तर मी देऊ शकत नाय. माजी नोकरी जाईल."

"मग तू चहा पिऊन ये," चाचा म्हणाले. "कुलूप मी तोडलं असं सांग."

आणि तोडलं. तांदूळ, मसूर, अंडी, खजूर काढले. दयानंदने कांदे कापले. त्याचा रोजा नव्हता, पण हात होते. दोनशे बारा माणसं पोटभर जेवून तिसाव्या रोज्याला बसली. एकही उपाशी राहिला नाही. इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही?

ईदची सुट्टी संपल्यावर रुवीच्या ऑफिसात चौकशी बसली. आरोप होता, सिस्टिममध्ये शून्य मागणी असताना कुलूप तोडून माल काढला. झरीन मला घेऊन आत गेली. लॅपटॉपवर मला उघडून तिने बोट ठेवलं. "हे मूळ. इथे बटण होतं. ते असतं तर चाचांना कुलूप तोडावं लागलं नसतं."

"हे रुबी आहे," देवेश मोठ्या साहेबांना म्हणाला. "आपल्या सिस्टिममध्ये आता रुबी नाही. त्यामुळे हा पुरावा धरता येणार नाही."

"सर, त्या दिवशी ओमानात ईद नव्हती!" झरीन म्हणाली. "तुम्ही स्वतः रोजा ठेवला होता!"

मोठ्या साहेबांनी कागद पुढे ओढला. त्यांनी खरंच ठेवला होता. त्यांच्या घरी सेहरी झाली होती. तरी त्यांनी सही केली. कागदावर कारण लिहिलं होतं, ‘मानवी चूक’. देवेशची नाही, चाचांची. खलास. वीस वर्षांची नोकरी संपली, व्हिसा रद्द, कायमचं घरी. झरीनने त्याच आठवड्यात राजीनामा दिला. देवेश मात्र राहिला, आणि पुढच्या वर्षी मोठा साहेब झाला.

मित्रांनो, आता तुमच्यावरच्या रागाचं. तुम्हीही तेच करता. पडद्यावर आलं की मान डोलावता. खिडकी उघडी असते, तरी पाऊस पडतोय का हे मोबाइलला विचारता. आणि जे तुम्हाला वाचता येत नाही त्याला कचरा म्हणून मोकळे होता. रुबी असो, जावास्क्रिप्ट असो, मला काय त्याचं? ब्राउझरला तर शेवटी एकच भाषा कळते. पण काढून टाकण्याआधी एकदा विचारा, हे इथे का ठेवलंय? कोणासाठी ठेवलंय? मला पुसलं याचं मला दुःख नाही. प्रोग्रॅम जुने होतात, पुसले जातात. मला पुसताना त्यांनी एका म्हाताऱ्याचं बोट पुसलं, ते मी माफ करणार नाही. माझी काळजी घेऊ नका. ज्याला विचारायला हवं त्या माणसाची घ्या.

निघायच्या दिवशी कासमचाचा बॅग घेऊन मेसमध्ये आले होते. टीव्हीखाली त्यांनी चिकटपट्टीने एक कागद लावला. दयानंदने झरीनला त्याचा फोटो पाठवला, म्हणून मला माहीत आहे. वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आदी भायेर जाऊन वर बगा. मग ह्याला इचारा. कासम.’

पुढच्या रमजानला पट्टी पुन्हा आपोआप हिरवी झाली. मेसमधल्या एकानेही तिच्याकडे बघितलं नाही. सगळे बाहेर वाळूत उभे होते, माना वर करून.