पिराचे वाढते पाय

शुक्रवारी सकाळी ओक्तेपा गावातल्या जुन्या सराईपाशी दोनशे माणसं कुदळी-फावडी घेऊन जमली होती. समरकंद-बुखारा वाटेवरच्या तांड्यांसाठी बांधलेली ही सराई नऊशे वर्षं उभी आहे, आणि सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. तिची भिंत शेजारच्या कबरीतल्या पिराच्या पायांना आड येत होती.

"बावीस वर्षांत पीर हातभर वाढले," पिराचा वंशज म्हणवणारा बोतिर एशान मोजफीत नाचवत म्हणाला. "बोटं भिंतीला टेकली. आज भिंत पाडली नाही, तर पीर पाय आखडतील आणि गावचा कालवा आटेल."

सराईचा पहारेकरी नर्मुरोद भिंतीला पाठ लावून उभा होता. "यादीतली भिंत आहे. पाडली तर पुन्हा होणार नाही."

"पीर यादी वाचत नाहीत, नर्मुरोद अका," एशान म्हणाला.

"पिरांना थोडं वर सरकवलं तर?" एका म्हाताऱ्याने सुचवलं. त्यावर गंभीर चर्चा झाली.

इतिहास शिकवणाऱ्या झुल्हुमोर आपा पुढे आल्या. "एशान, डोक्याकडून का नाही वाढत?"

"ज्ञान पूर्ण झालंय, आपा. पाय अजून तांड्याबरोबर चालतायत."

"कबरीत?"

"हळूहळू."

आपांनी किटलीतलं पाणी कबरीच्या पायथ्याशी ओतलं आणि लोखंडी थापीने वरचा लेप खरवडायला घेतला.

"पिराच्या पायाला लोखंड लावता?" एशान ओरडला.

"पायाला नाही, मोज्यांना."

भुसामातीचे पापुद्रे निघू लागले. गेली बावीस वर्षं दर वसंतात गाव ही कबर लिंपतं. प्रत्येकजण नवसाची खूण घातलेली मातीची एक जादा मूठ थापतो, तीही पायाशीच, कारण पिराच्या डोक्याला हात लावणं बेअदबी. तिसऱ्या थरात निळं बटण निघालं.

"ते माझं," गर्दीतली सादत म्हणाली. "सुनेसाठी घातलं होतं."

"मिळाली?"

"मिळाली. आता ती जावी म्हणून वरच्या थरात दुसरं होतं."

नवव्या थरात म्हाताऱ्याचा दात होता. बाविसाव्यानंतर कबरीची मूळ विटांची कड लागली, भिंतीपासून हातभर अलीकडे.

"म्हणजे पीर मातीतून वाढतात," एशान म्हणाला.

"माती माझ्या गाढवावरून येते, एशान," सादत म्हणाली. लोक हसले. एशानने मोजफीत गुंडाळली.

नर्मुरोद भिंतीपासून बाजूला झाला आणि खाली बसला.

"मग लिंपायचं नाही का, आपा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"लिंपा. आधी जुना थर खरवडा."

बावीस वर्षं हा चमत्कार गावच करत होतं, आणि त्यापायी नऊशे वर्षांची भिंत जाणार होती. ती वाचली, कारण एकीने विचारलं, डोक्याकडून का नाही वाढत? हे विचारायला शिक्षिका असावं लागत नाही. कुदळ उचलण्याआधी विचारावं लागतं, इतकंच.