कपाळावरची जांभळी रेघ

घरात त्याला सगळे कुरळ्या म्हणत. जन्मला तेव्हा डोक्यावर केसांचं जंगल होतं, म्हणून पडलेलं नाव. चोविसाव्या वर्षी जंगल मागे हटलं, नाव तेवढं राहिलं. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. एकदा एका आजोबांना फ्रेम दाखवताना त्यांनी सहज विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" अजून लग्नाचाच पत्ता नव्हता. कुरळ्या हसला, फ्रेम पुसली, आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर दिसलेल्या पहिल्याच केसांच्या क्लिनिकला त्याने फोन लावला.

त्याची थोरली बहीण हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. तिला विचारायला हवं होतं. पण ताई म्हणजे आधी दहा प्रश्न, मग उत्तर. "मित्राकडे जातोय," असं सांगून मंगळवारी सकाळी तो बाहेर पडला.

आठवड्यापूर्वी क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्याला मोजून पाच मिनिटं बघितलं होतं. "मागची मुळं काढायची, पुढे लावायची. एका दिवसात काम फत्ते." केस कधीपासून गळतात, वडिलांचं डोकं कसं होतं, कुठली औषधं चालू आहेत, यातलं त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. कुरळ्याला तेच बरं वाटलं होतं.

आज मास्क लावलेल्या एका माणसाने त्याचं डोकं भादरलं आणि जांभळ्या पेनाने कपाळावर रेघ ओढली. रेघ खूप खाली होती, शाळकरी पोराच्या कपाळावर शोभेल अशी. कुरळ्याला ती फार आवडली.

"डॉक्टर कुठे आहेत?"

"येतील. तुम्ही पालथे झोपा."

पहिल्या सुयांनी डोळ्यांत पाणी आणलं. मग डोक्याची मागची बाजू परक्याची झाल्यासारखी बधिर झाली. यंत्राची घरघर सुरू झाली. शेजारी एक बाई चिमट्याने एकेक मूळ उचलून बशीत ठेवत मोजत होती. तासाभराने पुन्हा टोचायला लागलं.

"लागतंय हो."

मास्कवाल्याने भुलेचं आणखी एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने आणखी एक. मग आणखी.

अन् अचानक त्याच्या तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव आली. कानात शिट्टी वाजू लागली. ओठांना मुंग्या आल्या.

"मला कसंतरी होतंय."

"सगळ्यांनाच होतं," मास्कवाला म्हणाला. बाटलीत सुई खुपसून तो पुढचा डोस ओढत होता.

कुरळ्या कोपरांवर उठला. "थांबा! डॉक्टरांना बोलवा."

"डॉक्टर दुसऱ्या शाखेत आहेत. आडवे व्हा, मुळं सुकतील."

"मला फोन करायचाय." त्याचा मोबाइल बाहेरच्या कपाटात होता. मास्कवाला हलला नाही. बशीवाल्या बाईने मात्र चिमटा खाली ठेवला, हातमोजा काढला आणि स्वतःचा फोन पुढे केला. "नंबर सांगा."

ताईचा नंबर त्याला तोंडपाठ होता. सुदैवाने ती जेवायच्या सुट्टीवर होती.

"ताई, रागावू नकोस..."

"तुझी जीभ जड का झालीये?"

त्याने दोन वाक्यांत सांगितलं. मग तिचा थिएटरमधला आवाज आला. "ओठांना मुंग्या? कानात आवाज?"

"हो."

"फोन स्पीकरवर टाक. सुई धरलेला जो कोणी असेल, त्याने ती खाली ठेवावी. यापुढे भुलेचा एक थेंबही द्यायचा नाही. ऑक्सिजन आहे का तिथे?"

मास्कवाला बाईकडे बघू लागला. बाई धावली. सिलिंडर अडगळीत सापडला, नळी सापडायला आणखी दोन मिनिटं गेली. तोवर ताईने पत्ता घेतला आणि दुसऱ्या फोनवरून अँब्युलन्स बोलावली.

"कुरळ्या, बोलत राहा. आपल्या जिन्याला पायऱ्या किती?"

"बावीस."

"तेवीस."

"बावीसच. तू खालचा दगडही धरतेस."

"तो दगड पायरीच आहे, गाढवा. बोल, पहिल्या मजल्यापर्यंत किती?"

त्याला उत्तर येत होतं, पण ओठ ऐकेनात. उजवा हात आपोआप उडू लागला. बाईने तो दोन्ही हातांत घट्ट धरला. जिन्यावर धावती पावलं वाजली एवढंच त्याला आठवतं. अँब्युलन्समध्ये त्याला आकडीचा झटका आला, पण तिथे डॉक्टर होते आणि औषधही होतं.

संध्याकाळी डोळे उघडले तेव्हा ताई हिरव्या कपड्यांत उशाशी बसली होती. ती रागावली नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाली असतीस."

"नसते म्हणाले रे. विचारलं असतं फक्त." एवढं बोलून ती व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून त्याचं डोकं अर्धा तास तपासलं. वडिलांचा फोटोही मागवून बघितला.

"मागचा साठा एकदाच मिळतो," त्या म्हणाल्या. "सातशे-आठशे मुळं काढलीत, ती पुन्हा उगवायची नाहीत. तुमची गळती अजून चालूच आहे. त्या रेघेवर केस लावले असते तर काही वर्षांनी पुढे झालर आणि मागे माळरान."

"म्हणजे कधीच नाही?"

"असं मी म्हटलं का? आधी वर्षभर औषध घ्या, दर तीन महिन्यांनी फोटो काढू. गळती थांबली तर बघू. लावलेले केसही आधी गळतात, खरं रूप वर्षाने दिसतं. घाईचं कामच नाही हे. आणि मुळं कोण काढणार, भूल कोण देणार, बिघडलं तर काय करणार, हे विचारल्यावर जो डॉक्टर चिडेल, त्याच्या हाती डोकं देऊ नका."

पुढच्या सोमवारी डोक्याला रुमाल बांधून कुरळ्या ताईबरोबर आरोग्य खात्याच्या कचेरीत तक्रार द्यायला गेला. बाकावर ती बशीवाली बाई आधीच येऊन बसली होती. तिने नोकरी सोडली होती.

"ह्या वर्षात असे दोघं जण बेशुद्ध पडलेले बघितलेत मी," ती खालमानेने म्हणाली. "तेव्हा गप्प बसले."

कारकुनाने कागद पुढे सरकवला. "साक्षीदार म्हणून सही लागेल. नाव, पत्ता सगळं येईल यात. विचार करून करा."

तिने पेन उचललं. कुरळ्याने कागद हलू नये म्हणून कोपरा दाबून धरला, आणि तिने सही केली.