दोन बोटं औषध

बस रं, गाडीला किक मग मार. चहा उकळतोय तवर आपल्या कळंबच्या आबाजीची एक गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर चहा फुकट.

आबाजी पडवीत उकिडवा बसून बाटलीला खिळ्यानं रेघ मारत होता. बाटली भाताच्या बुरशीच्या औषधाची, हेक्साकोनाझोलची. उजेडाकडं धरली की आतलं औषध कुठवर हाय ते दिसायचं. परवा रेघेला टेकलेलं औषध आज दोन बोटं खाली. आणि फवारणी तर केलीच नव्हती.

"बाटलीला कुणी हात लावला काय गं?"

"मांजर पीत असंल," त्याची बायको सोनाबाई चुलीपासनं म्हणाली.

आबाजीनं बांधापलीकडं बघितलं. तिकडं गजाचं शेत. फवारणीचा पंप दोघांत एकच. ज्यानं फवारलं त्यानं पंप तीनदा धुवायचा न् दुसऱ्याच्या पडवीत नेऊन टांगायचा, ही त्यांची जुनी रीत. म्हंजे गजाचं पडवीत येणंजाणं कायमचं. त्यात यंदा आबाजीच्या भाताच्या खोडावर सापाच्या कातडीसारखे बुरशीचे पट्टे, न् गजाचं भात हिरवंगार. झालं, डोक्यात किडा शिरला.

दुपारी गजा आला.

"आबा, पंप दे रं. खालच्या तुकड्यात माझ्या पण पट्टे दिसाय लागलं."

"पंपाचा वायसर गेलाय, दाब धरत नाय."

"आण इकडं, मी बसवतो."

"गेलाय म्हणलं ना. त्यात बघायचं काय?"

गजानं खुंटीवरच्या पंपाकडं बघितलं, मग आबाजीच्या तोंडाकडं.

"वायसर आला की हाक मार," म्हणाला न् गेला.

पुढचे चार दिवस गजा पडवीत फिरकला नाय. बाटली मात्र खाली जातच होती. दुसरा कुणी असता तर समजला असता, चोर गजा नव्हं. आबाजी रोज रात्री पडवीच्या बाहेरच्या दाराला आडवा दोरा बांधाय लागला. रोज सकाळी उठून दोरा बघायचा, मग बाटली. दोरा जागच्या जागी, न् औषध कमी.

पाचव्या दिवशी भाकरी वाढायला सोनाबाई वाकली न् आबाजीचा घास हातातच राहिला. तिच्या लुगड्याला फवारणीचा वास होता.

"कंबर दाखव."

"जेवा आधी."

त्यानं ताट बाजूला सारलं. तिनं निऱ्या जरा सैल केल्या. परकराच्या नाडीखाली तळहाताएवढं गजकर्ण, न् भोवतीची कातडी भाजल्यागत सोललेली.

"शेतातलं लावलंस?"

"तुमीच बोलला होता. तुमचं गजकर्ण दाखवाय दहिवलीला गेला होता तवा. डॉक्टर म्हणाला, ही गोळी न् भाताचं औषध एकाच भावकीतलं. तुमीच चार लोकांत हसून सांगत होता."

"भावकीतलं म्हंजे तेच नव्हं गं."

"मला काय ठावं? भातावरचं जातंय तर माझं पण जाईल म्हणलं. त्या बाप्या डॉक्टरापुढं कंबर उघडी करण्यापरीस बरं."

आबाजीनं तिला तशीच उठवून भिसेगावला नेलं, बाई डॉक्टरकडं. बाईंनी जखम धुतली, चांगली खरडपट्टी काढली. शेतातलं औषध म्हणजे विष, ते कातडीतून आत जातं, माणसाची गोळी वेगळी. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं,

"घरात आधी कुणाला होतं?"

सोनाबाई वरच्या पंख्याकडं बघत बसली.

"मला," आबाजी म्हणाला.

"गोळ्या किती दिवस घेतल्या?"

"खाज थांबली तवर. आठ दिवस."

"सांगितल्या होत्या किती?"

"महिनाभर."

"म्हणजे बुरशी अंगातच राहिली. एकाच टॉवेलनं ती यांच्याकडे गेली. आणि अर्ध्या औषधातून जी जगते, ती पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देईलच असं नाही." बाईंनी दुसरा कागद ओढला. "तुमचं नाव सांगा."

परत येताना रिक्षा गजाच्या शेतावरनं गेली. खालच्या तुकड्यातले पट्टे आता वरच्या पानांपर्यंत चढले होते. आबाजी गोळ्यांच्या पिशवीला गाठीवर गाठ मारत होता.

"गजाभावजींना काय सांगणार?" सोनाबाईनं विचारलं.

त्यानं घरी आल्या आल्या दाराचा दोरा तोडून टाकला.

आज सकाळी हितं टपरीवर आला. पंप घासून धुतलेला, वायसर नवा घातलेला. जुन्याला काय झालं नव्हतं तरी. म्हणाला, गजाला पोचव. मी म्हणलं, तुझे पाय काय मोडलेत? चहा तसाच ठेवून गेला.

गजाच्या भाताच्या लोंब्या अजून पोटात हायत, बाहेर पडल्या नायत. आजच्या आज फवारलं तर भात वाचंल. तू त्याच अंगाला चाललायस, तर पंप मागं बांध न् त्याच्या पडवीत टांग. पंपाबरोबरच्या पिशवीत ती औषधाची बाटली पण हाय. मी आबाजीला म्हणलं, अरे, खिळ्याच्या रेघा दिसतील त्याला. तो म्हणाला, दिसू दे.

तेवढं कर बाबा. वाटेत त्या रेघा खरवडू नको. न् गजानं विचारलं ह्या कसल्या, तर म्हण, आबाला जाऊन विचार.