नाव नसलेलं शेत

डर्व्हला ट्रेनर बेलफास्टच्या विद्यापीठात आयर्लंडचा इतिहास, साहित्य आणि राजकारण शिकत होती, आणि ड्रमगार्व या तिच्या गावाला त्याची भारी गंमत वाटायची. आम्ही पबमध्ये बसून जे फुकट ऐकलं ते ही पोरगी फी भरून शिकते, असं लोक म्हणत. वर तिला विचारत, "काय गं, आम्ही जिंकलो की हरलो ते सांगितलं का तुझ्या मास्तरांनी?"

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी वर्गातल्या बाकीच्यांनी उठाव, उपोषणं, कवी असले मोठे विषय उचलले. डर्व्हलाने आपल्या गावातल्या शेतांची नावं घेतली. सीमेजवळच्या त्या डोंगराळ मुलखात हातभर तुकड्यालाही नाव असतं. भट्टीचं, पाद्रीबुवांचं, खालचं ओलं, नॅनची पट्टी. नाव जुनं, आणि त्यामागे काही ना काही घडलेलं. म्हातारी माणसं मेली की नावंही जातात, म्हणून ती घरोघरी चहा पीत हिंडली. लोक भरभरून बोलले. एकेका बांधावरून दोन म्हाताऱ्यांची जुंपलीसुद्धा.

फक्त एका शेतापाशी सगळे गप्प होत. वर, दलदलीच्या कडेला, ट्रेनरांच्याच मालकीचं ते शेत. "ते होय? ते नुसतं माळरान. त्याला कसलं नाव!" असं म्हणून पहिला माणूस उठला आणि त्याने किटली चुलीवर ठेवली. दुसऱ्यानेही तेच म्हटलं, अगदी त्याच शब्दांत. पाचव्या घरी तेच वाक्य ऐकल्यावर डर्व्हलाच्या अंगावर काटा आला.

तिने वडिलांना विचारलं. फेलिम ट्रेनर बूट पुसत होता. बायको गेल्यापासून तो कमीच बोलायचा.

"नाव नाही त्याला."

"आजोबा काय म्हणायचे?"

"आजोबा काही म्हणायचे नाहीत." आणि तो एकच बूट पुसून बाहेर गेला.

तिच्या मार्गदर्शक डॉक्टर सॉर्का हेशन. पायात कायम मळके बूट, टेबलावर कागदांचा उकिरडा, पण बाई मोठी हुशार. डर्व्हलाने शेतांची नावं लिहून काढलेल्या गावाच्या नकाशावर, त्या एका कोऱ्या तुकड्यावर, त्यांनी बोट ठेवलं.

"जागा मोकळी सोड," त्या म्हणाल्या. "लोक जिथे गप्प होतात, तोही इतिहासच. पण डर्व्हला, हे शेत तुमचं आहे. आधी घरी बोल. नंतर मला येऊन म्हणू नकोस की मी सांगितलं नव्हतं."

सांगायची गरज होती का? डर्व्हला मूर्ख नव्हती. ऊना लॉयच्या भावाची गोष्ट ड्रमगार्वमध्ये कोणाला माहीत नव्हती? चाळीस वर्षांपूर्वी फिंटन लॉय, वय एकोणीस, पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून आपल्याच बाजूच्या बंदूकवाल्यांनी घरातून उचलला. तो परत आला नाही. कुठे पुरला ते सगळ्या गावाला ठाऊक आहे असं गावातला प्रत्येकजण म्हणे, आणि आपण सोडून, असंही प्रत्येकजण म्हणे. त्याची आई वाट बघत गेली. आता ऊना उरली होती, पोटात गाठ झालेली. थडग्याच्या दगडावर आईच्या नावाखाली भावाचं नाव कोरून तिने त्याखाली तारखेची जागा रिकामी ठेवली होती. तिला कोणाला तुरुंगात घालायचं नव्हतं. फक्त त्याची हाडं आईशेजारी ठेवायची होती, आणि तीही स्वतः जायच्या आत. असल्या जागा शोधणाऱ्या सरकारी मंडळाला सांगणाऱ्याचं नावही द्यावं लागत नव्हतं. पण गावाला सरकारची भीती कधीच नव्हती.

गावाला ज्याची भीती होती तो डिनी गार्वी. त्या काळी त्याच बंदूकवाल्यांतला, आता चर्चच्या हॉलच्या समितीचा अध्यक्ष, हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाच्या गावच्या क्लबाचा आधारस्तंभ, कोणाच्याही मयताला सगळ्यात आधी हजर. डर्व्हलाचा नकाशा हॉलमध्ये प्रदर्शनाला लावायची कल्पनाही त्याचीच. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी तो बायकोने केलेला सफरचंदाचा टार्ट घेऊन ट्रेनरांच्या घरी आला. खुर्चीत ऐसपैस बसून त्याने नकाशावर बोट फिरवलं.

"झकास! पोरी, तू गावाचं नाव काढलंस. आणि हे काय, इथे रिकामं? शेताला नाव नाही असं कधी असतं का? वासरांचं म्हणतात त्याला. हो ना रे फेलिम?"

फेलिमने कपात बघत मान हलवली.

"झालं तर मग. लिहून टाक." डिनीने टार्टचा मोठा तुकडा तोंडात टाकला. "बेलफास्टला बसनेच जातेस ना अजून? त्या थांब्यावर दिवासुद्धा नाही. मी समितीत कधीचा सांगतोय, एकट्या पोरीबाळींनी तिथे उभं राहायचं म्हणजे... काळजी घे हो."

तो गेला. डर्व्हला वडिलांकडे वळली.

"डॅडी, खरंच तेच नाव आहे?"

"लिही."

"तुम्ही सांगताय म्हणून लिहू?"

"हो. मी सांगतोय म्हणून लिही!" तो ओरडला. जन्मात तो तिच्यावर ओरडला नव्हता. मग हलक्या आवाजात म्हणाला, "तुझ्यासाठी सांगतोय गं."

तिने लिहिलं. अक्षर सुबक आलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. सँडविचं, टार्ट, मोठ्या भांड्यातला चहा. फेलिम चहा ओतायला उभा होता, कारण डिनीने त्याला तिथे उभं केलं होतं. लोक आपापली शेतं शोधत होते, एकमेकांची टिंगल करत होते. नोव्हेंबरचा दिवस, साडेतीनलाच खिडक्या करड्या झाल्या होत्या.

ऊना लॉय काठी टेकत आत आली तेव्हा लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. कोणी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. ती नकाशाजवळ गेली आणि खालून वर, एकेक शेत बोटाने वाचू लागली. भट्टीचं. नॅनची पट्टी. वाचताना हसतही होती. वर पोचल्यावर तिचं बोट थांबलं.

"वासरांचं?"

"हो," डर्व्हला म्हणाली.

"दलदलीच्या तोंडावर वासरं कोण सोडतं गं? आठवड्यात निम्मी बुडतील." ऊनाला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "हे रविवारचं शेत. जुलैच्या शेवटच्या रविवारी आम्ही सगळी पोरं तिथे डोंगरातली निळी रानफळं वेचायला जायचो. तोंडं निळी होईपर्यंत खायचो. फिंटन तर..."

ती थांबली. 

"मग आपण जायचं बंद का केलं?" तिने वळून विचारलं, कोणा एकाला नव्हे, सगळ्यांना. इथली निम्मी माणसं तिच्याबरोबर ती फळं वेचत मोठी झाली होती. सगळे आपापल्या कपांत बघू लागले. ती परत डर्व्हलाकडे वळली. आता तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"हे नाव तुला कोणी दिलं, पोरी?"

"अगं ऊना," डिनी पुढे झाला, "जुन्या गोष्टी, कोणाला काय आठवतं. बस जरा, चहा घे."

"मी तुला विचारलं नाही, डिनी."

डर्व्हलाने वडिलांकडे बघितलं. माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. चूक झाली, असंही. ऊना चहा पिऊन घरी गेली असती, वसंतापर्यंत मेली असती, आणि डॅडी रोज सकाळी बूट पुसत राहिले असते. तिला वडिलांची भयंकर दया आली. त्यांच्यासाठी खोटं बोलावं असं तिला फार वाटलं.

"डॅडींनी," ती म्हणाली.

फेलिमने चहाचं भांडं खाली ठेवलं. फिंटनला पुरलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, ट्रॅक्टर त्याच्या बापाचा, आणि शेताचं फाटक उघड असं त्याला सांगितलं गेलं होतं. हे डर्व्हलाला पुढे कळलं. त्या क्षणी तिला फक्त त्याचा चेहरा दिसला, आणि त्यावर सुटका झाल्याची खूण होती. त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"रविवारचंच आहे ते, ऊना," तो म्हणाला. "तुझं बरोबर आहे."

"फेलिम," डिनी शांतपणे म्हणाला. एवढंच. मग कप बशीवर ठेवून तो दाराकडे गेला, आणि त्याच्यामागे आणखी दोघं. मग बाकीचे निघाले. कोणी निरोप घेतला नाही. हॉलमध्ये अर्धवट खाल्लेल्या सँडविचांच्या बशा तेवढ्या उरल्या.

"तू मला जागा दाखवशील?" ऊनाने विचारलं.

"उद्या त्या मंडळाच्या लोकांना बोलावून..."

"उद्यापर्यंत डिनी आणि त्याची माणसं तुला जिवंत राहू देतील असं वाटतं तुला?"

फेलिमला तसं वाटत नव्हतं. त्याने कोट चढवला आणि म्हातारीला हात दिला. ती त्याच्या हाताकडे क्षणभर बघत राहिली, मग तिने तो घट्ट धरला. डर्व्हलाने वडिलांची गाडी काढली आणि दोघांना मागे बसवलं. हॉलच्या फाटकाबाहेर तीन गाड्या दिवे लावून उभ्या होत्या. ती डोंगराच्या रस्त्याला वळली, आणि त्या तिन्ही गाड्या तिच्यामागून निघाल्या.